शेला आणि गुरुवारचे बटाटे

ज्या गावाचा इतिहास आणि भूगोल मी एकदा भरल्या सभेत, पडद्यावर स्लाइड्स दाखवत आणि हातातली लाकडी पट्टी फिरवत समजावून सांगितला, त्या गावी मी कधीही गेलो नव्हतो. आजही गेलेलो नाही. हे साधे वाक्य कागदावर उतरवण्यासाठी मला पन्नाशी ओलांडावी लागली. तोपर्यंत मी ते मनातल्या मनात, तेही थोडे सौम्य करून, ‘जाणे जमले नाही’ अशा शब्दांत म्हणत असे. जणू दोष रस्त्याचा होता. माझ्या त्या व्याख्यानावर विश्वास ठेवून एका बाईंनी प्रवास केला आणि त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम मोडला, ही त्यापुढची गोष्ट. ती तर मी मनातल्या मनातही म्हणत नसे.

गाव ग्वातेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातले. नकाशावर त्याचे नाव केत्साल्तेनांगो. गावकरी मात्र त्याला जुन्या माया नावाच्या आठवणीने शेला म्हणतात. हे सारे मला एफ्राइनने सांगितले. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला विद्यापीठाजवळच्या एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघे राहत होतो: साताऱ्याचा मी, नागपूरचा राजू वाघमारे आणि वनशास्त्र शिकायला आलेला, शेलाचा एफ्राइन. हिवाळ्यात वाफेचा रेडिएटर कुणीतरी आतून दार वाजवावे तसा ठोके देई, त्यावर आमच्या कुकरची शिट्टी, आणि या दोन्हींच्या खाली एफ्राइनची मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याची कॅसेट. तो काळ्या घेवड्याची उसळ तास न् तास शिजवत बसे आणि आमच्या वरणाकडे सहानुभूतीने पाही. त्याच्या मते ते अर्धवट सोडून दिलेले काम होते. मक्याच्या पिठाच्या रोट्या तो तळहातांवर थापी. राजू त्यांवर ठेचा घालून खाई आणि म्हणे, “भाकरीच आहे बे ही, फक्त हिला पासपोर्ट आहे.”

जेवताना एफ्राइन गावाविषयी बोले. इतक्या उंचावरचे खोरे, की डिसेंबरच्या सकाळी मक्याच्या कापलेल्या ताटांवर हिमकण दिसतात. गावामागे सांता मारिया नावाचा ज्वालामुखी, लहान मुलाने पट्टी लावून काढावा इतका रेखीव. त्याने एकदा आपलीच एक कूस फोडून घेतली आणि त्या जखमेत एक छोटा ज्वालामुखी जन्मला, तो अजून दिवसभर धुराचे उसासे टाकत असतो. स्पॅनिश सैन्य आले तेव्हा याच परिसरात किचे लोकांचा वीर पडला, त्याच्या छातीवर केत्साल पक्षी येऊन बसला, आणि म्हणून त्या पक्ष्याचे पोट तांबडे. पुढे कॉफीचा पैसा आला, नाट्यगृह उभे राहिले, मोठमोठे खांब उभे राहिले. आणि मधल्या काळात दोनेक वर्षे शेला एका स्वतंत्र राज्याची राजधानीही होते. उंचावरच्या लोकांचे उंचावरचे राज्य. मग ग्वातेमालाच्या राजधानीचे सैन्य आले आणि ते पुन्हा देशाला जोडले गेले. हे ऐकून राजूने हातातला घास खाली ठेवला. “अबे, हा तर आपला विदर्भ निघाला,” तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून एफ्राइनला त्याने आपला सख्खा भाऊ मानले.

रविवारी मी आणि राजू कोलंबसच्या डब्लिन या उपनगरात कुमुदमावशींकडे जेवायला जात असू. माझ्या त्या कोणी नव्हत्या. कोलंबस परिसरातल्या सगळ्याच मराठी विद्यार्थ्यांच्या त्या मावशी होत्या. त्यांचे यजमान, आमचे काका, जाऊन थोडी वर्षे झाली होती. तेव्हापासून त्यांची गाडी घर, नोकरीचे वाचनालय, इंडियन स्टोअर आणि महाराष्ट्र मंडळ या चौकोनाबाहेर गेलेली नव्हती. काकांच्या आजारपणात धरलेला गुरुवारचा उपास त्यांनी पुढेही सोडला नव्हता. पन्नाशीच्या त्या बाई मला त्या वेळी वृद्ध वाटत. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठा आहे, आणि माझ्या त्या समजुतीबद्दलही वेगळी क्षमा मागायला हवी.

नाताळच्या सुटीत एफ्राइनने मला गावी बोलावले, आणि मी ती बातमी मावशींच्या जेवणाच्या टेबलावर जाहीर केली. तिथे मंडळाचे अध्यक्ष सहस्रबुद्धे काका बसले होते. पुण्याच्या माणसाला व्याख्यानमालेशिवाय हिवाळा काढता येत नाही. त्यांनी जागेवरच माझे व्याख्यान ठरवले. “प्रत्यक्ष पाहिलेलं सांगायचं,” ते म्हणाले. “गेल्या वेळी त्या माणसाने पुस्तक वाचून इजिप्त सांगितलं. आम्हाला काय वाचता येत नाही?” निघण्याच्या आदल्या रविवारी मंडळाने मला नारळ दिला, श्रीखंड खाऊ घातले, आणि मी एक छोटे भाषण केले. त्यात ‘अनुभव हाच गुरू’ असे एक वाक्य होते. ते मला अजून पाठ आहे. विसरण्याचा प्रयत्न करून पाहिला.

एफ्राइन आठवडाभर आधीच निघून गेला होता. विमानतळाच्या काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट चाळला आणि ग्वातेमालाचा व्हिसा विचारला. मी आत्मविश्वासाने माझा अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा दाखवला. आमच्या पिढीच्या मुलांना हा व्हिसा मिळवताना इतके सोसावे लागे, की एकदा तो मिळाल्यावर जगातले बाकीचे देश त्यातच आले, असे मी खरोखरच धरून चाललो होतो. बाई मृदुपणे म्हणाल्या, की हा इथे येण्यासाठी आहे, तिथे जाण्यासाठी नाही. मी नारळासकट बसने घरी परतलो.

राजूने दार उघडले. “काऊन बे,” तो म्हणाला, “इतक्या लवकर पाहून झालं?”

मी त्याच दिवशी मावशींना फोन करून खरे सांगितले असते, तर पोटभर हशा झाला असता आणि रविवारी पुन्हा श्रीखंड मिळाले असते. मला ते वाक्य आड आले. ज्याने अनुभवाला गुरू म्हटले, त्याला गुरूने दारातूनच परत पाठवले, हे सांगायचे कसे? उद्या सांगू म्हणत मी खिडक्यांचे पडदे ओढून घरात बसलो. इंडियन स्टोअरमध्ये जाणे अशक्य होते. तिथे पाच मिनिटांत कुणी ना कुणी मराठी माणूस भेटेच. एफ्राइनने ठेवलेला घेवडा मी त्याच्याच रीतीने तास न् तास शिजवत राहिलो. कोलंबसमध्ये बसून शेलाचे जेवण जेवलो, एवढाच माझा प्रत्यक्ष अनुभव.

एका दुपारी मावशी आल्या. राजू एकटा आहे म्हणून त्याच्यासाठी गूळपोळ्या घेऊन आल्या होत्या. त्यांचा आवाज जिन्यावर ऐकताच मी घेवड्याच्या ताटलीसकट न्हाणीघरात गेलो आणि टबमध्ये पडद्यामागे बसून राहिलो. भिंत पातळ होती.

“मिलिंद नाही तर घर कसं रिकामं वाटतं ना रे,” मावशी म्हणत होत्या.

“हो मावशी,” राजू म्हणाला. “लय शांती आहे.”

“आता ज्वालामुखी बघत असेल.”

“काही सांगता येत नाही. तो कुठं बसून काय बघते, देवालाच माहीत.”

“त्याला थंडी सोसत नाही. स्वेटर नेलाय ना?”

“स्वेटर अंगातच आहे त्याच्या,” राजूने प्रामाणिकपणे सांगितले.

त्या गेल्यावर राजूने मला गूळपोळी दिली नाही. “तू ग्वातेमालात आहेस न,” तो म्हणाला, “तिकडं कुठं मिळते गूळपोळी.”

एफ्राइन परत येताना स्लाइड्सचा डबाच घेऊन आला. मी न आल्याचे दुःख म्हणून त्याने माझ्यासाठी गाव भरभरून टिपले होते. त्याला मी एवढेच सांगितले, की मंडळात तुझ्या गावावर बोलणार आहे. तो इतका हरखला, की प्रोजेक्टर मीच चालवतो म्हणाला. त्याला मराठी येत नव्हती, ही त्या योजनेतली एकमेव भक्कम बाजू होती.

चर्चच्या तळघरातला हॉल भरला. इतिहास मी ठीक सांगितला, कारण तो एफ्राइनचा होता. राजधानीपेक्षा आपणच अधिक सुसंस्कृत अशी शेलाच्या लोकांची पक्की समजूत आहे, हे सांगितल्यावर सहस्रबुद्धे काकांनी ‘असणारच’ अशी मान डोलावली. स्वतंत्र राज्याच्या प्रसंगी मागून राजूने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. घसरलो तो भूगोलात. स्लाइड आणि स्लाइड यांच्या मधल्या अंधारात काहीतरी बोलावे लागे, आणि उंचावरचे थंड गाव म्हटले की माझ्यापाशी एकच होते: महाबळेश्वर. मी शेलाला स्ट्रॉबेरीचे मळे दिले. सूर्यास्ताचा एक पॉइंट दिला, त्याला लोखंडी कठडा दिला. डोंगरात ढगांनी झाकलेले एक तळे आहे, माया लोकांना ते अतिपवित्र. त्यात मी नौकाविहार सुरू केला. राहत्या घराच्या खिडकीतून छोट्या ज्वालामुखीचा धूर दिसतो, त्यावर घड्याळ लावून मी चहा घेत असे, असेही सांगितले. गावाचे नाव ऐकू आले, की प्रोजेक्टरजवळ एफ्राइन हसून मान हलवी, आणि सभा त्याला साक्ष समजे.

मग शंकासमाधान सुरू झाले.

“एकाही चित्रात तू कसा नाहीस?” सहस्रबुद्धे काकांनी विचारले.

“कॅमेरा माझ्या हातात होता ना, काका.”

“शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?” हा प्रश्न कुमुदमावशींचा. त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि तासाभरात एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिले नव्हते.

एफ्राइन एकदा बोलला होता, की त्यांच्याकडे गुरुवार हा पाचेचा वार: बटाटे कुस्करून, पानात बांधून, वाफवायचे. गुरुवार आणि बटाटे. साताऱ्याच्या ब्राह्मण घरात वाढलेल्या माणसाला यापुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. “मावशी, तुमची तर उत्तम सोय आहे,” मी म्हणालो. “गुरुवारी अख्खं गाव बटाट्यावर असतं. आपल्या उपासासारखंच.”

हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. कुठे माया संस्कृती आणि कुठे आपण, पण गुरुवार एकच. सहस्रबुद्धे काकांनी समारोपात त्यावर स्वतंत्र पाच मिनिटे घेतली.

पुढच्या रविवारी मावशींनी वाढता वाढता सांगितले, की त्या शेलाला जाणार आहेत. एकट्या. काकांना ज्वालामुखी पाहायचा होता, ते राहून गेले. आणि एफ्राइनच्या आईने तुला मुलासारखं ठेवून घेतलं, तिला भेटून एक डबा तरी द्यायला हवा. काका गेल्यानंतर त्यांच्या आवाजात असा वेग मी प्रथमच ऐकत होतो. सत्य सांगण्याची ती खरी वेळ होती. मी म्हणालो, “मावशी, तिथे फार थंडी असते.”

“मी ओहायोत राहते, मिलिंद,” मावशी म्हणाल्या आणि माझ्या पानात आमटी वाढली.

मीच लिहून दिलेला एफ्राइनच्या घरचा पत्ता घेऊन त्या निघाल्या. अमेरिकन पासपोर्ट असल्यामुळे त्यांना कुणी दारातून परत पाठवले नाही. त्या आठवड्यात मी काय खाल्ले ते आठवत नाही, पण एफ्राइनच्या आईचा, दोन्या लुसियांचा, फोन आला तो दिवस आठवतो. एफ्राइन स्वयंपाकघरातच बोलत होता. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि गहिवरून म्हणाला, “तुझी आई आली होती.”

दोन्या लुसियांनी नाताळात माझ्यासाठी खाट घातली होती, जाड लोकरी ब्लँकेट पसरले होते, आणि मी आलो नाही तरी ती खाट आवरली नव्हती. मग एके दिवशी दारात एक भारतीय बाई उभी. हातात स्टीलचा डबा, आणि तोंडात ‘मिलिंद, मिलिंद’. दोन्या लुसियांना सारे उमगले: मुलगा येऊ शकला नाही म्हणून माफी मागायला त्याची आई स्वतः आली आहे. त्यांनी मावशींना हाताला धरून आत नेले, ती खाट दाखवली, ब्लँकेटवरून हात फिरवला, आणि मान हलवून खुणेने सांगितले: आला नाही, कुणीच झोपले नाही. मावशी खाटेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या दोघी मिळून रडल्या, आणि मग जेवायला बसल्या. वार गुरुवार होता.

“पाचे केले होते आईने,” एफ्राइन म्हणाला. “तुझ्या आईने दोन खाल्ले.”

मी विचारले, “त्यात बटाटेच असतात ना?”

“बटाटे,” तो म्हणाला, “आणि आत डुकराचं मांस. नाहीतर पान सोडायचं कशासाठी?”

मावशी परतल्या. सहस्रबुद्धे काकांनी साहजिकच त्यांचेही व्याख्यान ठेवले. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलो. राजू माझ्या शेजारी, पळून जाऊ नये म्हणून माझ्या जाकिटाचा पट्टा धरून. मावशींनी गावातला बाजार सांगितला, खांबांचा चौक सांगितला, शेका नावाचा गोडसर पाव सांगितला. मी बोललो त्यापेक्षा ते कितीतरी जिवंत होते. मग प्रश्न आले.

“सूर्यास्ताचा पॉइंट पाहिलात?”

“दुरुस्तीसाठी बंद होता,” मावशी म्हणाल्या.

“स्ट्रॉबेरी?”

“हंगाम नव्हता.”

“तळ्यात नौकाविहार केलात की नाही?”

“नावाडी सासुरवाडीला गेला होता.”

“आणि खिडकीतून धूर?”

“ढग होते. पण दिशा मिलिंदने बरोबर सांगितली होती.” इथे त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिले नाही. न पाहण्याची ती पद्धत मला समजली. राजूने माझ्या जाकिटाचा पट्टा सोडला. आता मी पळण्याच्या स्थितीत नाही हे त्याला कळले असावे.

“गुरुवारचे बटाटे कसे होते?” सहस्रबुद्धे काकांनी शेवटचा प्रश्न विचारला.

“फार चवदार,” मावशी म्हणाल्या, आणि दिवे लागले.

त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, आणि त्याला एक सोयीचे कारण शोधून ठेवले: मी खरे सांगितले, तर त्यांनीही भर सभेत माझ्यासाठी बनाव केला हे उघडे पडेल. त्या मौनाला मी इतकी वर्षे सौजन्य म्हणत आलो. प्रायश्चित्त म्हणून मी गुरुवारचा उपास मात्र सुरू केला. पुढे नोकरीसाठी अमेरिकेतच बॉथेलला आल्यावर लग्न झाले, मुलगी झाली. घरात माझी ख्याती भाविक माणूस अशी आहे. मुलगी साबुदाण्याकडे बघून म्हणते, “Dad, आज तुझा पोटॅटो डे ना?” मी हो म्हणतो. मावशींनी त्या प्रवासानंतर उपास सोडून दिला आणि त्या दरवर्षी कुठे ना कुठे जाऊ लागल्या, हे मला फोनवरून कळत राही. ते कळले, की त्या गुरुवारची खिचडी मी तशीच झाकून ठेवत असे.

यंदा मावशींचे सहस्रचंद्रदर्शन झाले, डब्लिनच्या हॉलमध्ये. राजू आला होता, दुप्पट होऊन. सहस्रबुद्धे काका काठी टेकत आले होते आणि अजूनही व्याख्यात्याच्या शोधात होते. औक्षण झाले, जेवणाआधी ‘जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी’ बोलावे असे ठरले, आणि सगळ्यांची तोंडे माझ्याकडे वळली. मी मावशींच्या खुर्चीजवळ गेलो, माइक खाली धरला, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “मावशी, मी शेलाला गेलो नव्हतो.”

मावशींनी कानाला हात लावला. “ऐकू आलं नाही रे. मोठ्याने बोल. मागे राजू बसलाय.”

मी माइकमध्ये बोललो. 

“मला तेव्हाच शंका आली होती,” सहस्रबुद्धे काका म्हणाले. “सूर्यास्त दुरुस्तीला काढतं कोण?”

“काका, थांबा हो,” मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि बटाट्याचं?”

“तुम्हाला ठाऊक होतं? म्हणजे, मला ते कळलंय हे?”

“मी शेलाहून आल्यापासून दर गुरुवारी तुझा उपास असतो. मला काय, हिशेब कळत नाही?” त्या शांतपणे म्हणाल्या. “पण हे बघ, माफी मागायची तर पहिल्या पाचेचीच माग. आत काय आहे ते पहिल्या घासाला समजलं. दुसरा मी समजून खाल्ला.”

राजू मागे उभा राहिला होता. माझी मुलगी खाली बसून वर बघत होती. मी माइक तोंडाशी धरला आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मावशी, मी त्या गावी गेलो नव्हतो, तिथलं मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे मी तुम्हाला सांगितलं नाही. त्या पहिल्या पाचेबद्दल मला क्षमा करा.”